बंधाऱ्याआधी वाळूचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

गावच्या किनाऱ्यासाठी दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घ्यावा की जिओट्यूब (वाळू भरलेली मोठी कापडी नळी), असे तू विचारले आहेस. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे; किनाऱ्यावर वाळू कुठून येते, कुठे जाते आणि मध्ये तिला कोण अडवते, हे आधी शोधावे लागेल.

त्यासाठी पुदुच्चेरीचा अभ्यास कर. तिथे वर्षभराचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराच्या लाटारोधक भिंती उभ्या राहिल्या, वाळू दक्षिणेला साचू लागली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. दगड टाकून रस्ता वाचवला गेला. धूप मात्र उत्तरेच्या मच्छीमार वस्त्यांकडे सरकली आणि तिथेही दगड पडल्यावर आणखी पुढे, तमिळनाडूच्या हद्दीत गेली. कंत्राट एका गावापुरते निघते, वाळूचा प्रवास तेवढ्यात संपत नाही.

पुढे 2018 मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहरासमोर पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी रीफ (कृत्रिम अडथळा) बसवला. लाटांचा जोर आधीच मोडू लागल्याने, बंदरातून उपसून टाकलेली वाळू त्याच्या आडोशाला टिकू लागली. हे यश मला मोलाचे वाटते. पण रीफ वाळू निर्माण करत नाही. बंदरापाशी अडलेली वाळू सतत उत्तरेला पोहोचवणे हाच मूळ उपाय आहे, आणि तो देखभालीच्या लेखाशीर्षाखाली येत असल्याने त्यालाच प्रथम कात्री लागते.

नेदरलँड्सने हा कायमचा खर्च पत्करला आहे. 1990ची किनारारेषा राखण्यासाठी तिथे नियमित वाळू भरली जाते. 2011 मध्ये तर दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर सुमारे 2.15 कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकून ती पसरवण्याचे काम लाटा-वाऱ्यावर सोपवले. याची नक्कल कोकणात करू नकोस. आपल्या बऱ्याच पुळणी दोन खडकाळ सोंडांमधल्या, आखूड आहेत, आणि शेजारच्या खाडीतून वाळू उपसून त्या भरणे म्हणजे पुळणीचाच पुरवठा तोडणे ठरू शकते. वाळूच्या टेकड्यांवरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल मात्र अजिबात काढू देऊ नकोस.

पावसाळ्यात पुळण खरवडली जाते, वाळू समोरच्या उथळ पाण्यात साचते आणि समुद्र शांत झाल्यावर बरीचशी परतते. म्हणून ऑगस्टचे माप दाखवून कोणी धूप सिद्ध करू लागला तर त्याला मेचे माप माग. लागोपाठच्या दोन मे महिन्यांतील पुळणीचे छेद (किनाऱ्यापासून पाण्यापर्यंतच्या उंचीची मापे), खाडीच्या मुखाच्या जुन्या नकाशांसह, मला पाठव.