सोमवारचा परिपाठ ते शनिवारची कवायत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी सोलापूर शहराच्या सगळ्या भागांतून शाळकरी वाचकांची पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. काही पत्रं वाचताना आम्हालाही हसू आवरलं नाही, पण लिहिणाऱ्याच्या पोटात त्या वेळी गोळाच आला असणार, हे ध्यानात ठेवून उत्तरं दिली आहेत.

१२ जानेवारीच्या परिपाठात मला चार हुतात्म्यांवर तीन मिनिटं बोलायचंय. मागच्या वेळी दिनविशेष सांगताना मध्येच सगळं विसरलो आणि मागच्या रांगेतून 'बोल की बे' असा आवाज आला. अख्खी शाळा हसली. (नववी, बाळीवेस)

तीन मिनिटांत घाई न करता साधारण ३२० ते ३५० शब्द होतात. वहीची दीड-दोन पानं. मुलं चार पानं लिहितात आणि मग रेल्वे सुटल्यासारखी पळतात. घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. दुसरं कारण पाठांतर. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधाराने आठवतं, त्यामुळे एक निसटलं की पुढचं सापडत नाही.

म्हणून पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर. मधला भाग पाच टप्प्यांत बांध: १९३० साली नगरपालिकेवर फडकलेला राष्ट्रध्वज, मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेलं शहर आणि झालेला गोळीबार, मार्शल लॉ, खटला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात दिलेली फाशी. प्रत्येक टप्प्याचा एकच शब्द तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिही. नावं मात्र पूर्ण लिही: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चारपैकी एक नाव हमखास राहतं आणि ते राहिलं की सोलापुरात कुणीतरी टोकणारच. क्रम एकदा ठरव, मग बदलू नकोस.

सराव करताना दर वेळी पहिल्यापासून सुरू करू नकोस. तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून बघ, मग चौथ्यापासून. विसरायला होतं ते मध्यावर, आणि सराव मात्र सगळ्यात जास्त सुरुवातीचा झालेला असतो. तरी अडकलासच, तर शेवटचं नाव किंवा वाक्य सावकाश पुन्हा म्हण आणि चिठ्ठीकडे बघ. तीन सेकंदांची शांतता तुला तासाभराची वाटते, ऐकणाऱ्याला ती मुद्दाम घेतलेली वाटते.

माइक हनुवटीच्या पातळीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यावर फुंकर मारायची नाही. शिट्टी वाजली तर तू कर्ण्याच्या पुढे उभा आहेस. कर्ण्याचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि तीच शिट्टी होते. कर्ण्याच्या मागे ये.

आणखी एक. त्याच दिवशी जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंतीही असते. तिन्ही वक्त्यांनी आदल्या दिवशी क्रम आणि मिनिटं ठरवून घ्या, नाहीतर आधीचा तुझी तीन मिनिटं खाऊन टाकतो आणि तू तोंड उघडलंस की घंटा होते.

प्रार्थनेला उभं राहिलं की मला गरगरतं. दोनदा झालं, दोन्ही वेळा घरी नळाला पाणी येण्याचा दिवस होता. एकदा पुढच्या मुलीच्या अंगावरच पडले. आता सगळ्या मला 'भोवरा' म्हणतात. (आठवी, विजापूर रोड)

गुडघे ताठ करून न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे थोडं कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ऊन आणि रिकामं पोट त्यात भर घालतात. तू लिहितेस की दोन्ही वेळा तो पाण्याचा दिवस होता. म्हणजे पहाटे उठून घागरी-पिंपं भरली, चहा अर्धा पिऊन धावत शाळा. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी आदल्या रात्रीच डब्यात दोन केळी किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ काढून ठेव. निघताना एक तांब्या पाणी पिऊनच नीघ.

रांगेत गुडघे किंचित सैल ठेव. बुटाच्या आत पायाची बोटं आवळ-सोड, टाचा अर्धा इंच उचल-टेक. पोटऱ्या हलल्या की रक्त वर ढकललं जातं. कान बंद झाल्यासारखे वाटले, घाम फुटला, जांभया आल्या की समज, अर्ध्या मिनिटात पडणार. तिथेच खाली बस. राष्ट्रगीत चालू असलं तरी बस, बाई रागावणार नाहीत. एखादी पडलीच तर तिला उभं करायला जाऊ नका. आडवं झोपवून पाय दप्तरावर ठेवा आणि भोवतीची गर्दी हटवा. महिन्यात पुन्हा झालं, किंवा पळताना चक्कर आली, छातीत धडधडलं, तर डॉक्टरांकडे जायचं आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. टोपणनाव दोन आठवड्यांत विरेल, फक्त चिडून दाखवू नकोस.

भूमितीत सगळं येतं, पण रचनेचा प्रश्न आला की कंपास घसरतो. वर्तुळ जिथून सुरू केलं तिथे परत येतच नाही. मग खोडाखोड, कागद फाटतो, घाम फुटतो. दहावीला काय होणार? (दहावी, अशोक चौक)

तुझा हात चांगला आहे, कंपास सैल आहे. पेटीतल्या कंपासची तपासणी आदल्या रात्री करायची, परीक्षेच्या हॉलमध्ये नाही. वरचा बिजागरीचा स्क्रू नाण्याच्या कडेने घट्ट कर, इतका की पाय उघडताना थोडा जोर लागला पाहिजे. पेन्सिल धरणारी कडी सैल असेल तर पेन्सिलीभोवती कागदाची पट्टी एक वेढा गुंडाळून मग ती आत घाल. पेन्सिल बोटभर लांबीचीच घे, लांब पेन्सिल तोल बिघडवते. टोकाला टोक लावल्यावर सुई पेन्सिलीपेक्षा मिलिमीटरभर पुढे हवी.

परीक्षेचं पॅड गुळगुळीत असतं, सुई त्यावर रुतत नाही. म्हणून रचना काढताना त्या पानाखाली उत्तरपत्रिकेची आणखी चार-पाच पानं राहतील असं बघ. कंपास वरच्या मुठीला दोन बोटांनी धर, पायांना हात लावू नकोस. पाय दाबला की अंतर बदलतं, आणि वर्तुळ न मिळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. शेवटचा पाव भाग हात मुरडून काढण्यापेक्षा कागद फिरव.

कंस खोडू नकोस. तपासणाऱ्याला रचना कशी केली ते कंसांवरूनच कळतं. स्वच्छ दिसावं म्हणून कंस पुसणारी हुशार मुलं दर वर्षी भेटतात, आणि त्यांचे गुण बघून वाईट वाटतं.

बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढल्यावर स्वतःच पडताळा घे. समजा त्रिज्या ४.५ सेमी आणि बिंदू केंद्रापासून ७.५ सेमी आहे. पायथागोरसने ७.५ च्या वर्गातून ४.५ चा वर्ग वजा केला की ३६ उरतात, म्हणजे स्पर्शिकाखंड ६ सेमी यायला हवा. दोन्ही बाजूंनी पट्टी लाव. दोन्ही सारखे पण ६ पेक्षा वेगळे आले, तर एखादं माप घेताना चूक झाली आहे. एकमेकांत फरक असेल तर मध्यबिंदू हुकलाय, लंबदुभाजकाचे कंस पुन्हा काढ. भूमितीचा भाग ४० गुणांचा आणि वेळ दोन तास, त्यामुळे या पडताळ्याला अर्धं मिनिट नक्की परवडतं.

गणिताच्या सरांचा फोटो लावून केलेलं स्टिकर मित्राला पाठवायचं होतं, ते वर्गाच्या ग्रुपवर गेलं. ग्रुपमध्ये सर आहेत. (नववी, होटगी रोड)

आधी घाबरून 'डिलीट फॉर मी' दाबू नकोस. त्याने ते फक्त तुझ्या फोनवरून जातं आणि बाकी सगळे निवांत बघत बसतात. तसं दाबलंच असेल तर खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं, ते पटकन दाब. मग स्टिकरवर बोट धरून 'डिलीट फॉर एव्हरीवन'. व्हॉट्सॲपवर ही सोय पाठवल्यापासून दोन दिवस बारा तास असते. मात्र 'संदेश हटवला' ही ओळ तिथे राहते, आणि ती बघून सगळे विचारणारच.

सरांनी पाहिलं असं धरूनच चाल. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी, वर्गात नाही, स्टाफरूमच्या दाराशी: 'सर, काल ते स्टिकर मी पाठवलं. चुकलं माझं, पुन्हा होणार नाही.' संपलं. 'लहान भावाने पाठवलं' ही सबब सरांनी कितीदा ऐकलीय त्याचा हिशोब त्यांच्याकडेही नसेल. आणि मूळ स्टिकर फोनमधून काढून टाक, मित्रांनाही काढायला सांग.

तासाला भूक लागते म्हणून बाकाखाली कडक भाकरी मोडली. आवाज फळ्यापर्यंत गेला. वर त्याच दिवशी शेंगा चटणीचं तेल विज्ञानाच्या वहीला लागलं. (आठवी, नवी पेठ)

कडक भाकरी गुपचूप खाता येत नाही, हा प्रश्न सोलापुरात कुणी सोडवलेला नाही. पातळ थापून तव्यावर पाणी पूर्ण उडेपर्यंत भाजतात म्हणून ती महिनाभर टिकते आणि म्हणूनच ती वाजते. आईला सांगून डब्यात चुरून, दही किंवा आमटीबरोबर घे आणि मधल्या सुट्टीत खा. तासाला लागणारी भूक सकाळी न खाल्ल्याची असते.

आता वही. चटणी कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं, ते डब्याच्या झाकणातून झिरपतं. झाकणातली रबरी रिंग काढून धुऊन उलटी बसवली गेली की गळती नक्की. चटणी वेगळ्या फिरकीच्या डबीत घ्यायची आणि दप्तरात डबा उभा ठेवायचा. डाग ताजा असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंना टिपकागद लाव, घासू नकोस. मग अंगाला लावायची पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर जाडसर पसर, वर कोरा कागद, वर दोन जाड पुस्तकं, रात्रभर तसंच. सकाळी मऊ ब्रशने झटक. एकदा केल्याने उरलं तर पुन्हा. जुना डाग पूर्ण जाणार नाही, पण अक्षर वाचता येईल. सह्या झालेली प्रयोगवही असेल तर पान फाडून नवीन लिहू नकोस, सहीचं पान फाटलेलं दिसलं की आणखी प्रश्न येतात.

शनिवारी पांढरा गणवेश असतो आणि कवायत असते. पाळी कधी येईल सांगता येत नाही, डागाच्या भीतीने शनिवारी शाळेत जावंसंच वाटत नाही. (नववी, विद्यार्थिनी)

सुरुवातीची दोन-तीन वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांत कितीही पुढेमागे होतं, त्यामुळे तारखेवर विसंबू नकोस. कंपासपेटीशेजारी एक छोटा पाऊच कायम दप्तरात असू दे: दोन पॅड, एक जास्तीची निकर, कागदी पिशवी. शनिवारी सलवारीच्या आत त्वचेच्या रंगाची सायकलिंग शॉर्ट घाल. पांढऱ्याखाली पांढरी किंवा काळी, दोन्ही दिसतात. पॅड चार ते सहा तासांनी बदल. कवायतीआधी बदललास तर उत्तम. डाग पडलाच तर ओढणी कमरेला बांध आणि थेट बाईंकडे जा. कवायतीतून सुट्टी मागताना 'बरं नाही' एवढं पुरतं.

घरी आल्यावर गार पाणीच वापर. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन कापडात पक्कं बसतं, मग डाग निघत नाही. अर्धा तास मिठाच्या गार पाण्यात भिजव, मग साबण. राहिलाच तर पांढऱ्या सुती कापडावर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातून आणून थेंबथेंब टाक. फेस येईल, तो थांबला की धुऊन टाक. रंगीत कपड्यावर मात्र नको, रंग उडेल.

कविता वाचताना माझा आवाज मध्येच चिरकतो. मॅडमही हसल्या. (आठवी, सात रस्ता)

स्वरयंत्र वाढतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होताहेत. त्यांच्यावरचा ताबा थोडा मागे राहतो. बहुतेकांचं काही महिन्यांत ते वर्षभरात बसतं. तोवर वाचण्याआधी दोन घोट पाणी, ओळ नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत सुरू करायची आणि जोर न लावता वाचायचं. ओरडून वाचलं की जास्त चिरकतो. चिरकला तर ओळ पुन्हा वाचू नकोस, पुढे जा.

मुलगा दहावीला. ऐन पूर्वपरीक्षेत गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा. घरात रोज भांडण. पाठवायचं की नाही? (पालक, टिळक चौक)

पाठवा, पण एक संध्याकाळ ठरवून. अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचं दारूकाम यांपैकी कुठलं, ते त्यालाच निवडू द्या. दारूकामाच्या रात्री त्या भागात घरी बसवलात तरी अभ्यास होत नाही, आवाज घरात येतोच. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी अकराला, बोर्डाच्या वेळेलाच, घरी घड्याळ लावून दोन तासांचा एक पेपर पूर्ण सोडवून घ्या. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर ती संध्याकाळ नको.

होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं मुख्य विधी उरकल्यावरही बरेच दिवस असतात. तेव्हा खेळण्यांची फेरी परीक्षा संपल्यावर ठेवता येते, गर्दीही कमी असते. मैदानात धूळ फार उडते, पेपर चालू असताना घसा बसला तर पंचाईत. नाकाला रुमाल आणि घरचं पाणी द्या. आणि पाळण्यात बसायचं ते भेळ खायच्या आधी.