काईलीतून कुंभी ओलांडली ती रात्र, आणि बाकीचं बरंच काही

प्रश्न असा आहे : "माझी आजी म्हणायची, आमचं सगळं आयुष्य चूल आणि मूल यातच गेलं. सत्तरी ओलांडलेल्या कोणा बाईंच्या वाट्याला धाडसाचं, भटकंतीचं आयुष्य आलं होतं का? आठवणी वाचायला आवडतील."

आलं होतं. माझ्या वाट्याला आलं आणि भरभरून आलं. मी आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. जन्म कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. १९७१ ते २००९ जिल्हा परिषदेकडे नोकरी केली. कागदावर हुद्द्याचं नाव बदलत गेलं, गावात मात्र मी शेवटपर्यंत 'नर्सबाई'च होते. तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस दुसरं काही सुचेना, म्हणून नातीकडून मोबाइलवर मराठी कीबोर्ड टाकून घेतला.

एक सांगून ठेवते. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. इथे सगळ्यांना सवयीचं वाटावं म्हणून 'आले, गेले' लिहिते आहे. पण तुम्ही मनात 'आलो, गेलो' वाचलंत तर माझा आवाज ऐकू येईल.

वडिलांनी मला सातव्या वर्षी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकवलं. पाठीला कोरडा भोपळा बांधायचे आणि पायरीवरून ढकलून द्यायचे. घाटावर मुलगी मी एकटीच. कोणी काही बोललं तर वडील म्हणायचे, "नदी काय फक्त पोरांची हाय?" दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. त्यांचं एक वाक्य मला आयुष्यभर पुरलं : पाण्याशी भांडायचं नाही, ते नेईल तिकडे जात जात काठ धरायचा.

प्रशिक्षण संपलं आणि नेमणूक मिळाली गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूरपासून गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, पण पावसाळ्यात तो वेगळा मुलुख होतो. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस तिथे. जूनमध्ये लागला की कधी कधी आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे चुलीवर वाळवायचे, त्यामुळे साडीला कायम धुराचा वास. छत्रीचा काही उपयोग नाही. शेतात बायका घेतात तसं बांबूचं आणि पानांचं इरलं मीही घ्यायला लागले. पायांना जळवा लागायच्या. पहिली जळू पाहून रडले होते, महिन्याभरात तंबाखूचं पाणी लावून चालायला लागले.

लग्न १९७३ मध्ये झालं. ह्यांची शाळेतली नोकरी कोल्हापुरात, माझी तिकडे. मुलगा झाल्यावर सगळे म्हणाले, आता राजीनामा दे. सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणायचे, एका वाक्यात विषय संपवला : "मी जातो हिच्याबरोबर." आणि त्या पासष्टाव्या वर्षी पेठेतलं घर सोडून आरोग्य उपकेंद्राच्या एका खोलीत माझ्याबरोबर राहायला आल्या. माझ्या सगळ्या आठवणींच्या मागे, घरात माझं लेकरू मांडीवर घेऊन त्या बसलेल्या आहेत, हे वाचताना विसरू नका.

आता ती रात्र. १९७६ चा जुलै. संध्याकाळी दारात दोन माणसं, डोक्यापासून पायापर्यंत निथळणारी. "बाई, सून अडलीया. पानी लई चढलंय, पर आमी आणलीया काईल. तुमास्नी पवाया येतं का?"

"येतं की."

"मग चला."

काईल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस जिच्यात आटवतात ती प्रचंड लोखंडी कढई. आमच्या भागात पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, काईली रिकाम्या पडलेल्या असतात आणि पूल नसलेल्या गावांना अडीनडीला त्याच होडी म्हणून उपयोगी पडतात. काठावर गेले तर कुंभी नदी ओळखू येईना. एरवी गुडघाभर पाण्यातून ओलांडायची ती नदी, आता तांबडी होऊन शेतांवरून वाहत होती. काईलीच्या कड्यांतून दोर ओवलेला, दोघंजण तिला बाहेरून धरून पोहणार. मी मधोमध उकिडवी बसले, मांडीवर सामानाची पेटी, त्यावर इरलं. वल्ह्याला काही अर्थच नव्हता, कारण काईलीला पुढचं-मागचं टोक नसतं, ती गोल गोल फिरत जाते. माझ्या हातातला कंदील फिरतोय, त्या उजेडात पाणी फिरतंय, आणि नाकात जळक्या गुळाचा वास. काईल कितीही घासली तरी तो वास जात नाही. मध्यावर आल्यावर एक झाड मुळांसकट वाहत आलं आणि काईलीच्या काठाला घासून गेलं. लोखंडाचा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. त्या माणसांनी प्रवाहाशी झुंज घेतली नाही, तिरके तिरके सरकत गेले आणि कितीतरी खाली जाऊन एका बांधाला लागले. वडिलांचं वाक्य त्यांनाही ठाऊक होतं.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. छाती भरून आली होती. पंचवीस वर्षांची मी, काळोख्या पावसात, पुराच्या मध्यावर, आणि पलीकडे माझी कोणीतरी वाट बघतंय. इतका जिवंतपणा मला त्यानंतर फार थोड्या वेळा जाणवला.

घरात ओल्या लाकडांचा धूर कोंडलेला. गावची सुईण, सत्तरीची असेल, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघताच म्हणाली, "पाय दिसला बाई. तवाच माणसं धाडली. म्या हात लावला न्हाई." मूल पायाळू होतं. अशा वेळी ओढायचा मोह होतो, आणि ओढलं की हात वर जातात, डोकं अडकतं. कंबरेपर्यंत आपोआप येऊ द्यायचं, मग नाळेला थोडी ढील द्यायची, अंग कोरड्या फडक्यात धरायचं, आणि डोकं सावकाश सोडवायचं. पुस्तकात दहा ओळी आहेत. त्या रात्री त्याला तासभर लागला. सुईणआजी त्या पोरीच्या कानात सारखं बोलत होती, "आता कळ आली की दे जोर, न्हाई आली तर गप ऱ्हा." सतरा-अठरा वर्षांची पोर, पण एकदाही चुकली नाही. मी नदी ओलांडली याचं लोकांनी पुढे कौतुक केलं. मला मात्र वाटतं, त्या रात्री त्या घरात खरा जीव पणाला लावला तो तिने. तुमच्या आजींनी 'मूल' म्हणून जे एका शब्दात सांगून टाकलं, त्यात काय काय असतं ते मी शेकडो वेळा कंदिलाच्या उजेडात पाहिलं आहे.

मुलगी झाली. निळसर होती, रडेना. नाका-तोंडातला चिकटा पुसला, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. किती वेळ गेला असेल कोण जाणे, मग मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला आणि सुईणआजी मोठ्याने रडायला लागली. आईला मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं, रक्त थांबलं, तेव्हा कुठे मी भिंतीला टेकले.

पूर दोन दिवस उतरला नाही. मी तिथेच. नाचणीची भाकरी, खर्डा, आणि त्या बाळाशेजारी गाढ झोप. तिसऱ्या दिवशी घरी पोचले. आत्या उंबऱ्यात बसलेल्या. दोन रात्री त्यांनी कशा काढल्या असतील! त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी तापलंय. आंघोळ कर." पुढे एका वरिष्ठांनी, भिजलेली रजिस्टरं आणि परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं म्हणून, लाल शाईने शेरा मारला. त्याचं वाईट वाटलं होतं, वाटायलाच हवं होतं. चार ओळींचा खुलासा लिहून दिला आणि पुन्हा कामाला लागले.

त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट. तेव्हा देवीच्या रोगाचा घरोघर शोध चालू होता. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, असं भिंतींवर रंगवलेलं असायचं. नंतर ते हजार रुपयांपर्यंत गेलं, आणि हजार रुपये म्हणजे तेव्हा केवढी रक्कम! आमच्याजवळ अंगभर देवी उठलेल्या बाळाचं चित्र असलेलं कार्ड असायचं. ते दाखवून विचारायचं, असं कोणाला झालंय का? डोंगरावरच्या एका धनगरवाड्यातून निरोप आला की एका पोराच्या अंगावर फोड उठलेत. मी आणि आमचे एक आरोग्यसेवक दादा पहाटे निघालो, चार तास चढ. वाटेत गव्यांचा कळप आडवा आला. काळेभोर अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. दादांनी माझा दंड धरला आणि आम्ही करवंदीच्या जाळीआड श्वास धरून उभे राहिलो. सगळ्यात मोठा गवा थांबला, आमच्याकडे तोंड करून नाकातून जोरात फुसकारला, आणि कळपामागे उतरून गेला. त्याच्या श्वासाची वाफ मला दिसली होती, इतका जवळ.

वाड्यावर पोचल्यावर पोराला उजेडात आणलं. आधी तळहात बघितले, मग तळपाय. देवी असेल तर तिथेही फोड असतात, आणि चेहऱ्यावर, हातापायांवर दाट. याचे तळहात स्वच्छ होते. फोड पोटा-पाठीवर जास्त, काही ताजे, काही खपली धरलेले. कांजिण्या! मी त्या पोराला उचलून नाचवलं. तरीही वाड्यावरच्या उरलेल्या सगळ्यांना लस टोचूनच उतरलो : दोन टोकांची बारीक सुई लसीत बुडवायची आणि दंडावर एकाच जागी पंधरा वेळा टोचायची. निघताना एका आजींनी ताकाचा तांब्या पुढे केला. तसं ताक मी पुन्हा प्यायले नाही. १९७५ च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. हजारो माणसांच्या पायपिटीत माझीही चार पावलं आहेत, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे लूना मोपेड आली. राधानगरीकडे बदली झाल्यावर बर्फाचा डबा मागे बांधून पोलिओच्या डोसांना निघायचे. रस्त्यातली पोरं ओरडायची, "नर्सबाई आल्या, पळा!" आणि पळण्याऐवजी मागे धावत यायची. त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही; सुखाची होती, भराभर गेली.

निवृत्तीनंतर, २०१० च्या जुलैत, पन्हाळा ते पावनखिंड चालून आले. १६६० च्या आषाढात महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, तीच वाट. बरोबर सगळी कॉलेजची पोरं. म्हसाई पठारावर धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. पोरं दमली की मी त्यांना ओव्या म्हणून दाखवायचे. खिंडीत उतरल्यावर पाण्याच्या आवाजात कोणी काही बोललं नाही. बाजीप्रभूंचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिथे चिखलात उभं राहून, दमलेल्या पायांनी, ते नाव पहिल्यांदा अंगात गेलं.

आणि शेवटचं, २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. आमच्या घरात पाणी आलं नाही, म्हणून मी जवळच्या शाळेत गेले, तिथे पूरग्रस्तांना ठेवलं होतं. अडुसष्ट वर्षांची होते, पण पायाच्या जखमा धुणं आणि साखर-मिठाचं पाणी करून पाजणं मला कुठे शिकायचं होतं! प्रयाग चिखलीकडच्या एक आजी जवानांच्या रबरी बोटीतून आणलेल्या. थरथरत होत्या, "म्या कवा होडीत बसलो न्हवतो गं" एवढंच म्हणत होत्या. मी त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि त्यांना काईलीची सगळी गोष्ट सांगितली, झाड घासून गेलं त्या आवाजासकट. थरथर थांबली. शेवटी त्यांनी विचारलं, "आन् पोरगी?"

पोरगी आता आजी व्हायच्या बेतात आहे. तिच्या आईने मला कधी विसरू दिलं नाही, ती गेल्यावर लेकीने ते व्रत घेतलं. दरवर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या आठवड्यातला पाच किलोचा रवा, म्हणजे तुम्ही गुळाची ढेप म्हणता ती, फडक्यात बांधून एसटीने येतो. बरोबर फोन असतोच : "पोचला का? काईल तीच हाय हां, जुनी." यंदाचाही आला आहे. अजून फोडलेला नाही. नात रविवारी येते म्हणाली आहे, ती आली की फोडू.