विचारा तर खरं : पाचला दिवस संपतो ताई, गाडी सकाळीच काढा

प्रश्न : मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघी 45 च्या, डिसेंबरात अंदमानला चाललोय. हॅवलॉक बेटावर स्कूटी भाड्यानं घेऊन फिरायचं ठरवलंय. गाडी मीच चालवणार, रोज मनीषनगर ते सीताबर्डी जाते-येते, मैत्रिणीला चालवता येत नाही ती मागे बसेल. घरचे म्हणतात काहून हे नसते उद्योग, टॅक्सी करा ना सरळ. खरंच एवढं अवघड आहे का? आणि नागपूरहून आपलीच गाडी जहाजानं नेली तर?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, संध्याकाळी सहाला वर्धा रोडवर जी बाई गाडी काढते तिला हॅवलॉकचा रस्ता काय अवघड जाणार, हे आधी घरच्यांना सांगून टाका. आपली गाडी न्यायचा विचार मात्र सोडा. चेन्नई, कोलकाता नाहीतर विशाखापट्टणमपर्यंत गाडी पोचवायची, मग तिथून जहाजात तीन-चार दिवस, आणि हे सगळं कशासाठी तर जेट्टीपासून राधानगर बीच जेमतेम 12 किलोमीटर आहे त्यासाठी. भाड्याची गाडी दिवसाला 500 रुपयांच्या आगेमागे मिळते, सीझनला भाव चढतो. एका बेटावरची गाडी दुसऱ्या बेटावर न्यायच्या भानगडीतही पडू नका, प्रायव्हेट फेरीत माणसं आणि बॅगाच जातात, त्यामुळे प्रत्येक बेटावर वेगळी गाडी घ्यायची.

अवघड आहे ते घड्याळ. अंदमान आपल्यापेक्षा पार पूर्वेला आहे पण टाइम तोच भारताचा, त्यामुळे डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो तर तिथं पाचलाच. आणि सकाळी साडेपाचला तो वर आलेला असतो, नागपूरपेक्षा तासभर तरी आधी. आता आपली सुट्टीतली सवय बघा, आठला उठणार, दहापर्यंत चहा-पोहे, बाराला निघणार, दुपारी जेवून एक डुलकी आणि मग चारला "चल ना जरा चक्कर मारून येऊ". तिथं चारला निघालात तर जाताना उजेड आणि येताना जंगलातून काळोख. राधानगरचा रस्ता बेटाच्या आतून झाडीतून जातो, चढ-उतार आहेत, वळणं आहेत, रस्त्यावर दिव्यांची खात्री नाही आणि मध्येच गाय बसलेली असू शकते. आणि गंमत म्हणजे सगळे टुरिस्ट राधानगरला सनसेट बघायलाच जातात, म्हणजे अंधारात परत येणारी गर्दीही एकाच वेळी सुटते. तुम्हाला सनसेट बघायचाच असेल तर त्या एका संध्याकाळी टॅक्सी करा (घरच्यांचंही मन राखल्यासारखं होईल), बाकी सगळं फिरणं पहाटेपासून अकरापर्यंत उरका. सकाळी सातचं राधानगर, वाळूवर कोणी नाही, मागे उंच झाडं, पाणी शांत, यापुढे मला तरी तो गर्दीतला सनसेट फिका वाटतो, पण ते माझं मत झालं.

दुसरा रस्ता दक्षिणेकडे विजयनगरवरून कालापत्थरला जातो, हा समुद्राच्या कडेकडेनं, दोघींनी गप्पा मारत हळूहळू जायचा रस्ता हाच. हे पूर्वेकडचं अंग असल्यामुळे सूर्योदय इथं बघायचा. बेटावर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी गावं आहेत, ही वस्ती बरीचशी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांची, त्यामुळे साध्या खानावळीत भात, डाळ, मासा असं बंगाली पद्धतीचं ताट मिळतं, हिंदी सगळ्यांना येतं. सावजीच्या तिखटाची आठवण आली तर सोबत चटणी ठेवा, त्यात लाजायचं काय. एलिफंट बीचला मात्र गाडी जात नाही, तिथं जेट्टीवरून बोटीनं जा नाहीतर राधानगरच्या रस्त्यावर गाडी लावून जंगलातून पायी.

आता गाडी घेताना काय बघायचं. नंबर प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असेल तर ती कायदेशीर भाड्याची गाडी. पांढरी प्लेट म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, दिवसाला शे-दोनशे कमी पडतील पण अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, आणि मागे मैत्रीण बसलेली आहे हे विसरू नका. ताब्यात घ्यायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे त्यात दिसले पाहिजेत, म्हणजे परत देताना डिपॉझिटवरून वाद नको. ब्रेक दाबून बघा, खारी हवा गाडीला खाते. दोन हेल्मेट मागून घ्या, मागच्या माणसालाही कायद्यानं लागतंच. पेट्रोल गाडी घेतल्या घेतल्याच भरा, पुढे मिळेल म्हणून थांबू नका. लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतं पण नेटवर्क जाईल तेव्हा काय, म्हणून ओरिजिनल जवळ असू द्या.

मैत्रिणीला एवढंच सांगा की उतरताना डाव्या बाजूनं उतर. सायलेन्सर उजवीकडे असतो, बीचवर हाफ पँट घालून फिरताना पोटरीला जो चटका बसतो तो पूर्ण ट्रिपभर खाऱ्या पाण्यात झोंबतो. ओल्या पायांनी, वाळूच्या चपलांनी गाडी चालवायची नाही आणि गाडी नारळाखाली लावायची नाही. जायच्या आधी एखाद्या रविवारी तिला मागे बसवून रामटेकला जाऊन या, गडाच्या चढावर गाडीचं वजन कसं बदलतं ते तुम्हालाही कळेल आणि वळणावर उलट्या बाजूला झुकायचं नाही हे तिलाही.

राधानगरला पाण्यात उतरताना लाइफगार्ड जिथं सांगेल तिथंच उतरा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं आहेत, 2010 मध्ये याच बीचजवळ एका पर्यटक महिलेचा जीव गेला होता, त्यामुळे पाटी लावलेली असेल तिकडे फिरकायचं नाही. आणि प्रवाळाचे तुकडे, शंख पिशवीत टाकून आणू नका, एअरपोर्टवर बॅग उघडतात.

नील बेटालाही जाणार असाल तर ते एवढं लहान आहे की सायकलनंही भागतं. तिथला तो खडकाचा नॅचरल ब्रिज नीट बघायला ओहोटी लागते, वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा.

प्रश्न : मी आणि माझा रूममेट पोर्ट ब्लेअरहून बुलेट घेऊन बाराटांगला जायचं म्हणतोय, जंगलातला रस्ता भारी आहे असं ऐकलं. करावं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या गेटवरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो, मध्ये थांबायचं नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. बाहेरच्यांच्या वावरावर 1956 पासून कायद्याची बंधनं आहेत आणि ती असायलाच पाहिजेत, ती माणसं काही सफारीतले प्राणी नाहीत ना भाऊ. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायच्याच असतील तर ताफ्यातल्या टॅक्सीनं जा आणि मोबाईल खिशात ठेवा. बुलेटची हौस दक्षिणेकडे फेडा, चिडिया टापू साधारण 25 किलोमीटर, रस्ता मस्त, पक्षी भरपूर. तिकडेही सूर्य मावळायची वेळ तीच हं, वरचं उत्तर वाचा. वंडूरला जाऊन जॉली बॉय बेटाची बोट घ्यायची असेल तर सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत.

प्रश्न : बालीला स्कूटर चालवायला नागपूरचं लायसन्स पुरतं का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : नुसतं नाही पुरत. आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढा, पासपोर्ट लागतो, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. पण तुमच्या लायसन्सवर फक्त कार असेल तर परमिटही फक्त कारचंच मिळतं, हे लोक बघतच नाहीत आणि तिकडे जाऊन बिनधास्त स्कूटर घेतात, मग पडलं-झडलं की ट्रॅव्हल इन्शुरन्स दवाखान्याचं बिल नाकारतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढं एक सोपं आहे. लायसन्सवर दुचाकी नसेल तर आत्ताच लर्निंगला अर्ज करा, पक्कं मिळायला मध्ये 30 दिवस जावे लागतात, तिकीट त्यानंतरचंच काढा.