दर वेळी दहा-बारा दिवसांत सगळं का ढासळतं? वाईट सवयी मोडून तंदुरुस्त कसं व्हायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 34, बैठं काम. दर दोन-तीन महिन्यांनी व्यायाम, लवकर झोपणं, गोड बंद असं सगळं एकदम सुरू करता. दहा-बारा दिवस छान जातात, मग एक दिवस चुकतो आणि ये रे माझ्या मागल्या. शेवटी विचारलंय, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?"

वर्षातून चार-पाच वेळा नव्याने सुरुवात करणाऱ्याकडे इच्छाशक्ती नाही, हे मला पटत नाही. आपल्याकडे अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. मी स्वतः त्या पंथातली, त्यामुळे टोमणा समजू नका. सुरुवात करणं तुम्हाला उत्तम जमतं. चुकलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, एवढंच कधी ठरवलेलं नसतं.

हे मला कळलं ते एका जुन्या वहीमुळे. एक्केचाळिसाव्या वर्षी तपासणीत रक्तदाब 138/90 निघाला. डॉक्टर म्हणाल्या, तीन महिने राहणीमान बदलून बघा, मग औषधाचं ठरवू. घरी येऊन कोरी वही शोधायला कपाट उघडलं तर त्यात आधीच्या चार वह्या सापडल्या. प्रत्येकीत पहिल्या पानावर आखीव तक्ता, रंगीत पेनाने. एक नवव्या दिवशी थांबलेली, एक अकराव्या, एक चौदाव्या, आणि एक तर चौथ्याच. थांबण्याची कारणंही आठवली: ताप, पाहुणे, कामाची मुदत. कारणं खरी होती आणि प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांत संपलीही होती. ताप उतरल्यावर मी पुन्हा चालायला का गेले नाही? कारण तक्त्यात भोक पडलं होतं. आता पुढच्या एक तारखेपासून नीट करू, असं म्हणून मी वही मिटली होती. चारही वेळा हेच.

या "साखळी तुटता कामा नये" प्रकाराला खतपाणी घालणारी एक समजूत म्हणजे 21 दिवसांत सवय लागते. तिचा उगम मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. "किमान" हा शब्द वाटेत गळाला, चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला, आणि बावीसाव्या दिवशीही अंथरूण सोडवत नाही म्हणून लोक स्वतःला दोष देऊ लागले.

प्रत्यक्ष मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 96 जण होते. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एक छोटी गोष्ट निवडली आणि रोज ठरावीक प्रसंगी ती 12 आठवडे केली. ती अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवस, पण माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत (12 आठवड्यांपुढचे आकडे गणिताने अंदाजलेले). व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. पण माझ्या कामाचं वाक्य वेगळंच होतं: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्या चारही वह्या विनाकारण मिटल्या होत्या.

म्हणून पाचव्या वेळी मी तक्ता आखलाच नाही. प्रत्येक गोष्टीची एक "आजारी दिवसाची आवृत्ती" ठरवली, हे नाव माझंच. नेहमीच्या दिवशी 30 मिनिटं भरभर चालणं, वाईट दिवशी बूट घालून दाराबाहेर 5 मिनिटं. त्या पाच मिनिटांनी हृदयाचं फारसं भलं होत नसेल, हे मलाही कळतं. पण त्या वेळी बूट पायात जातात, आणि सवय बुटांशी बांधलेली असते. दिवस पूर्णच चुकला तर दुसऱ्या दिवशी ही छोटी आवृत्तीच करायची. भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही. भरपाईनेच माझा दोनदा घात केला आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर जास्त भार पडला की दुखणं लगेच येत नाही, 24 ते 72 तासांत कळस गाठतं. म्हणजे आज दुप्पट करायचं, परवा जिना उतरताना कठड्याला धरायचं आणि त्यापुढचे चार दिवस सुट्टी.

आता वाईट सवयींकडे. इथे बहुतेक जण पदार्थाशी किंवा फोनशी भांडतात. भांडण खरं तर जागेशी आणि वेळेशी आहे. डेव्हिड नील आणि वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिलं, काहींना ताजं आणि काहींना सात दिवसांचं शिळं. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं. आवडलं का विचारलं तर नाही म्हणाले. तेच शिळं पॉपकॉर्न चित्रपटगृहाऐवजी एका मीटिंगच्या खोलीत दिल्यावर मात्र त्यांनी कमी खाल्लं. आणि चित्रपटगृहातच, पण डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या) खायला सांगितल्यावरही हात आवरला. चव, भूक, निश्चय यांतलं काहीच बदललेलं नव्हतं.

हे वाचून मी स्वतःवर पाळत ठेवली. दुपारी चारला मी रोज उठून बिस्किटं खात असे. चार दिवस फक्त लिहून ठेवलं: किती वाजले, कुठे बसले होते, आधी काय चाललं होतं, पोटात भूक होती का. भूक एकदाही नव्हती. तीनपासून पडद्यावर आकडे बघून डोळे जड झालेले असायचे आणि मला खुर्चीतून उठायचं असायचं, एवढंच. बिस्किट हे उठायला निमित्त होतं. मग मी उठणं ठेवलं आणि वाट बदलली: पाण्याची बाटली खालच्या मजल्यावर भरायला जायचं. पहिले काही दिवस बाटली भरून परत येताना बिस्किटंही खाल्ली. तरी महिनाभरात ती आठवणीतून गेली. बंद केली असं म्हणवत नाही, कारण बंद केल्यासारखं वाटलंच नाही.

तुम्ही गोड "पूर्ण बंद" करता असं लिहिलंय. त्याआधी चार दिवस असं टिपून बघा. कदाचित गोडाच्या पाच वेळांतल्या दोनच खऱ्या आवडीच्या निघतील. त्या राहू द्या की.

जागेचा प्रभाव किती, याचं टोकाचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. 1970 च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे असताना जवळपास 20 टक्के सैनिकांनी हेरॉइनसारख्या मादक पदार्थांचं व्यसन असल्याचं सांगितलं होतं. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी साधारण 5 टक्केच पुन्हा त्या व्यसनात अडकले. पदार्थ सुटला त्याला बरीच कारणं असणार, पण ती छावणी, ते सोबती आणि ती भीती मागे राहिली हे त्यातलं मोठं. आपल्याला देश बदलायची गरज नाही, चार्जरची जागा बदलली तरी पुष्कळ होतं. माझा फोन आता झोपायच्या खोलीबाहेर चार्ज होतो आणि उशाशी बिनडोक घड्याळ आहे, गजराखेरीज काहीही न येणारं. पहिला आठवडा चिडचिडीत गेला. रात्री दोन वेळा उठून फोन बघायला गेले, तेही खरं. पण उठून जावं लागतं, थंड फरशीवर उभं राहावं लागतं, आणि मग पाच मिनिटांतच माणूस परत येतो.

तीन गोष्टींपैकी आधी एकच घ्यायची तर कोणती? मी म्हणेन, झोप. लोक व्यायामापासून सुरू करतात कारण त्यात काहीतरी केल्यासारखं दिसतं. पण अपुऱ्या झोपेवर बाकीचं उभं राहत नाही. 2004 साली शिकागो विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक चेतवणारं ग्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. अभ्यास छोटा होता, पण रात्री एकपर्यंत जागल्यावर दुसऱ्या दिवशी गोडाकडे हात का जातो, याचा अनुभव तुम्हालाही असेलच. तेव्हा गोडाची लढाई रात्रीच अर्धी हरलेली असते. आणि कॉफीचं बघा: शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं.

व्यायाम किती, याबद्दल फार ताण घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमदार व्यायाम हवा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ नको: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप. आणि रोजचं 10,000 पावलांचं प्रकरण मुळात जाहिरातीतलं आहे. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मापक" या अर्थाचं होतं. आय-मिन ली या संशोधिकेने 2019 मध्ये 16,000 हून अधिक वयस्क स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि सुमारे 7,500 नंतर आलेख सपाट झाला. तो वयोगट तुमचा नाही, तुम्ही जास्त चाला. पण 6,000 वर दिवस संपला म्हणून तो वाया गेला असं धरू नका.

ताकदीच्या व्यायामाकडे मी दोन वर्षं काणाडोळा केला, ही माझी सगळ्यात मोठी चूक. तिशीनंतर वापर नसेल तर स्नायू हळूहळू घटत जातात. सुरुवातीला मी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठत-बसत असे आणि भिंतीला हात लावून ढकलत असे. बस, एवढंच. जिममध्ये जायला लाजणाऱ्यांना हे पुरेसं आहे. तुम्हाला जिम आवडत असेल तर उत्तमच.

वजनकाट्यावर रोज चढू नका. पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांमुळे एका दिवसात किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतं, त्याचा चरबीशी संबंध नसतो. मी पहिले दोन महिने वजन केलंच नाही. दुसरा मजला न थांबता चढता येतो का, एवढंच बघत होते.

तुमच्या "वाईट सवयीं"मध्ये सिगारेट किंवा दारू असेल (तुम्ही लिहिलं नाहीये, म्हणून विचारत नाही), तर वरचं सगळं अपुरं आहे. निकोटिन सोडल्यावर सर्वांत जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो, त्यासाठी पट्ट्या, गोळ्या, समुपदेशन असे उपाय आहेत आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. बरीच वर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका झटक्यात स्वतःच्या मनाने सोडू नये. त्यातून झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

माझं काय झालं? तीन महिन्यांनी रक्तदाब 128/84 भरला. औषध तेव्हा टळलं. पुढे आईच्या आजारपणात सलग पाच आठवडे माझं चालणं पूर्ण बंद होतं, पाच मिनिटांची आवृत्तीसुद्धा नाही. आधीची मी असते तर सहावी वही आणली असती. या वेळी एका मंगळवारी, महिन्याची कुठलीतरी मधलीच तारीख असताना, संध्याकाळी बूट घातले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.