ड्रायर घ्यायचा तर हीट पंपचाच, पण आधी जागा पाहून ठेवा

तुम्ही विचारलंय: दोन लहान मुलांना घेऊन थंड आणि सतत पाऊस असणाऱ्या देशात राहायला जातोय, फ्लॅटला बाल्कनी नाही, घरमालक वॉशिंग मशीन देणार आहे पण ड्रायर आपला आपण घ्यायचा. हीट पंपचा, म्हणजे हीटरऐवजी फ्रिजसारख्या कंप्रेसरवर चालणारा ड्रायर साध्यापेक्षा बराच महाग दिसतो, शिवाय एक लोड वाळायला तीन तास लागतात असं ऐकलंय. तर घ्यावा की नाही?

घ्या. मला इकडे येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली आठ वर्षं मी हीट पंपचा ड्रायर वापरतेय, आणि उद्या नवा घ्यायची वेळ आली तरी तोच घेईन. मात्र त्याला नीट जागा लागते आणि दर वेळी दोन मिनिटांची निगा लागते. ती मिळाली नाही तर लोक वर्षभरात कंटाळतात आणि दोष यंत्राला देतात.

पहिला हिवाळा आम्ही ड्रायरशिवाय काढला. कपडे स्टँडवर आणि रेडिएटरवर वाळत घालायचे, खिडक्या थंडीमुळे बंद. मशीनमधून पिळून निघालेल्या आठ किलो कपड्यांत साधारण चार लिटर पाणी उरलेलं असतं. कपडे वाळले म्हणजे ते चार लिटर खोलीच्या हवेत गेले. सकाळी खिडकीच्या काचांवरून ओघळ यायचे ते मी फडक्याने टिपायचे आणि सोडून द्यायचे. जानेवारीत झोपायच्या खोलीतलं कपाट काही कारणाने पुढे ओढलं, तर मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी. बुरशी. कपाटाच्या पाठीलाही तीच, आणि आतल्या स्वेटरांना कुबट वास. भिंत खरवडून रंगवावी लागली. म्हणून लहान मुलं असलेल्या घरात हिवाळ्यात कपडे आत वाळवू नका, असं मी कळकळीने सांगते. वाळवावेच लागले तर एकाच खोलीत वाळवा, दार लावून घ्या आणि दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडा.

आता वेगवेगळ्या ड्रायरांत फरक काय ते. सगळ्यात जुन्या पद्धतीचा ड्रायर हीटरने हवा तापवतो, ती कपड्यांतून फिरवतो आणि ओली गरम हवा जाड नळीने घराबाहेर सोडतो. त्यासाठी भिंतीला भोक लागतं. भाड्याच्या घरात ते बहुतेक वेळा पाडू देत नाहीत. दुसरा कंडेन्सरचा: हवा बाहेर न सोडता खोलीतल्या हवेने तिला थंड करतो, वाफेचं पाणी टाकीत जमतं आणि तीच हवा हीटरने पुन्हा तापवतो. या दोन्हींत पाण्याची वाफ करायला खर्च केलेली उष्णता कपडे वाळवायच्या कामी परत येत नाही.

हीट पंपच्या ड्रायरमध्ये फ्रिजसारखा कंप्रेसर आणि गॅस असतो. ड्रममधून आलेली ओली हवा आधी थंडगार नळ्यांवरून जाते, तिथे वाफेचं पाणी होऊन टाकीत पडतं. वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती गॅस उचलतो आणि पुढच्या गरम नळ्यांत नेऊन त्याच हवेला परत देतो. म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामाला येते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागते, चार लिटरला अडीच युनिटांहून जास्त. हीटरच्या ड्रायरला गळती धरून चार-पाच युनिटं लागतात. हीट पंपचा तेच काम दीड ते दोन युनिटांत करतो.

किमतीचा हिशोब यावरूनच करा. लहान मुलांच्या घरात आठवड्याला तीन लोड सहज होतात, वर्षाला दीडशे. दर लोडला अडीच युनिटं वाचली तर वर्षाला पावणेचारशेच्या आसपास. तिथल्या वीजबिलाचा दर घेऊन गुणा आणि दोन यंत्रांच्या किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघतो ते पाहा. एकटा माणूस महिन्यातून दोनदा ड्रायर लावणार असेल तर तो फरक भरून निघत नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या घरात निघेल.

आणि तुम्ही युरोपियन युनियनमधल्या देशात जाणार असाल तर हा प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. १ जुलै २०२५ पासून तिथले नियम इतके कडक झालेत की हीटरवर चालणारे नवे ड्रायर बाजारात आणताच येत नाहीत. दुकानात दिसतात तो शिल्लक माल. स्वित्झर्लंडने हे २०१२ सालीच केलं होतं.

वेळेबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. हीटरच्या ड्रायरमध्ये हवा सत्तर अंशांच्या वर जाते, इथे ती पन्नास-साठच्या आसपास राहते, त्यामुळे सुती कपड्यांचा भरलेला ड्रम वाळायला दोन ते तीन तास लागतात. एकाच दिवशी ओळीने चार लोड उरकायची सवय असेल तर त्रास होईल. मी ती सवय बदलली: एक दिवसाआड एक लोड, संध्याकाळी घरात माणसं असताना. रात्री झोपताना किंवा बाहेर जाताना कुठलाही ड्रायर चालू ठेवू नका, अग्निशमन दलंही हेच सांगतात. तेलाचे डाग पडलेली फडकी तर धुतल्यावरही ड्रायरमध्ये घालायची नाहीत, गरम ढिगात ती आपोआप पेटू शकतात. कमी तापमानाचा फायदा मात्र कपड्यांवर स्पष्ट दिसतो. मुलांचे टी-शर्ट फारसे आखूड होत नाहीत, पायजम्यांचं इलॅस्टिक लवकर सैल पडत नाही.

वेळ आणि वीज दोन्ही वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय ड्रायरमध्ये नाहीच, वॉशिंग मशीनमध्ये आहे. स्पिन (पिळताना ड्रमचे मिनिटाला फेरे) १००० वर ठेवला तर कपड्यांच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं, १४०० वर पन्नासच्या आसपास. मशीनने पिळून काढलेलं पाणी जवळजवळ फुकटात जातं, तेच पाणी वाफ करून काढायला कितीतरी वीज लागते. घरमालकाचं मशीन किती स्पिन देतं ते आत्ताच विचारून ठेवा.

आता निगा. दाराच्या कडेला जाळी असते, बहुतेक ठिकाणी दुहेरी. ती दर लोडनंतर साफ करायची, अपवाद नाही. जाळी उघडली की आत करडा, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा थर असतो, बोटाने एका कडेने उचलला की पापुद्र्यासारखा अख्खा निघतो. टॉवेल असतील तर जाड, शर्ट असतील तर पातळ. एवढं सगळे करतात. चुकतं ते खालचं झाकण. यंत्राच्या पायाशी एक छोटं दार असतं, त्यामागे त्या थंड नळ्यांच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, एकीला एक चिकटून, वहीची पानं उभी धरावीत तशा. जाळीतून निसटलेले तंतू तिथे ओल्या पट्ट्यांवर जाऊन बसतात. दुसऱ्या वर्षी माझ्या ड्रायरला साडेतीन तास लागायला लागले तेव्हा मी ते दार पहिल्यांदा उघडलं. आत ओल्या बनातीचा तुकडा ठोकून बसवल्यासारखा थर होता. टॉर्च धरून, मऊ ब्रशने, वरून खाली हळू हळू काढला. आडवा ब्रश फिरवला तर पट्ट्या वाकतात आणि कडा बोटं कापतात, हातमोजे घाला. पुढच्या लोडला वेळ परत अडीच तासांवर आली. तेव्हापासून महिन्यातून एकदा ते दार उघडतेच.

काही मॉडेल्समध्ये या पट्ट्या जमलेल्या पाण्यानेच आपोआप धुतल्या जातात आणि खाली दार नसतं. ऐकायला छान वाटतं, पण थर साचलाच तर तिथपर्यंत आपला हात पोचत नाही, कारागीर बोलावून यंत्र उघडावं लागतं. मी तरी हाताने साफ करता येणारंच मॉडेल निवडते.

जागेबाबत मी स्वतः चूक केली. घर बदललं तेव्हा ड्रायर गॅरेजमध्ये ठेवला. हिवाळ्यात कपडे दमट निघायला लागले, मला वाटलं गॅस गेला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने आधी गॅरेजमधलं तापमान मोजलं, चार अंश. बहुतेक कंपन्या पाच ते पस्तीस अंशांमध्येच यंत्र चालवायला सांगतात, पुस्तिकेत लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. घरात आणला आणि तक्रार संपली. उलट बाजूही आहे: दार घट्ट लागणाऱ्या लहानशा कपाटात ठेवला तर त्याचीच उष्णता तिथे कोंडते आणि कंप्रेसर बंद पडू शकतो. कपाटाला जाळी हवी किंवा दार उघडं ठेवायला हवं. जागा कमी असेल तर वॉशिंग मशीनवर ड्रायर बसवता येतो, पण दोघांच्या मधे जोडपट्टी हवीच, नुसता वर ठेवायचा नाही.

वायरिंगची काळजी कमी. हीटरचा ड्रायर दोन-अडीच हजार वॉट खेचतो, हा हजाराच्या आतच असतो. मात्र कुठलंही यंत्र एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा विचार सोडा. उत्तर अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ, युरोपात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ, आणि कंप्रेसरला दोन्ही जुळावं लागतं.

टाकी दर लोडला रिकामी करावी लागते. ड्रायरची पाण्याची नळी वॉशिंग मशीनच्या निचऱ्याला जोडता आली तर हे काम सुटतं.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी. रजईच्या खोळीची बटणं लावूनच ती ड्रायरमध्ये टाका. उघडी टाकली तर मोजे, रुमाल, बनियन सगळे तिच्या पोटात शिरतात, गोळा होतो आणि मधले कपडे ओलेच राहतात. दुसरं, ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात, कपडे वाळले की नाही हे यंत्र त्यांच्यावरून ओळखतं. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसला की त्या फसतात आणि ड्रायर भलत्याच वेळी थांबतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने अधूनमधून पुसा. आणि नुकतेच काढलेले गरम कपडे हाताला दमट लागतात, लगेच पुन्हा लावू नका, पाच मिनिटं पसरून मग पाहा.

तोट्यांपैकी मला खरा टोचणारा एकच आहे, दुरुस्ती. हीटर जळला तर बदलणं सोपं. कंप्रेसर बिघडला किंवा गॅस गळला तर बहुतेकदा नवं यंत्र घेणंच परवडतं. म्हणून वॉरंटी कंप्रेसरवर किती वर्षं आहे ते वेगळं विचारा. जुना घेणार असाल तर खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा, त्या पट्ट्या पाहून आधीच्या मालकाने यंत्र कसं वापरलं ते कळतं. नव्या यंत्रांत गॅस म्हणून आर-२९०, म्हणजे प्रोपेन, वाढत चाललाय. जुन्यांतल्या आर-१३४ए चा वातावरणावरचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट असतो, प्रोपेनचा नगण्य. तो ज्वलनशील आहे, पण यंत्रात असतो अगदी थोडा. मागच्या नळ्यांना धक्का लागू दिला नाही तर भीती नाही.

धुणं-वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं यंत्र तुम्हाला सुचवलं जाईल. त्यातली बरीचशी वाळवायला धुण्याच्या साधारण निम्मेच कपडे घेतात, आणि एक लोड वाळत असताना दुसरा धुता येत नाही. दोन मुलं असताना नको.

यंत्र घरी येईल तेव्हा ते उभंच आणलं का ते आणणाऱ्या माणसाला विचारा. आडवं झालं असेल तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं, चोवीस तास उभं ठेवून मगच प्लग लावा. त्याआधी फ्लॅटच्या जागेची रुंदी, खोली आणि निचऱ्याची उंची मोजून मला कळवलीत तर नेमकं कुठलं माप बसेल ते सांगते.