वाचकांचे प्रश्न : खुला कोड आणि त्याचा मालक

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमची सहा जणांची कंपनी असून आम्ही दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करतो. बिलाची पीडीएफ काढण्यासाठी त्यात आम्ही इंटरनेटवर मोफत मिळालेली एक लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचा संच) वापरली. तिचा परवाना जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) आवृत्ती ३ असल्याचे आता लक्षात आले आहे. जांभळी नाक्यावरील एका घाऊक व्यापाऱ्याने, ज्यांच्या दुकानात आमचे सॉफ्टवेअर बसवलेले आहे, आमच्याकडे संपूर्ण सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) मागितला आहे. तो देणे बंधनकारक आहे का? आणि मुळात लायब्ररी ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुली आहे, तर तिच्यावर कॉपीराइट कसा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. म्हणजे कायद्याच्या लेखी आपला बिलिंगचा कोड आणि एखादी कादंबरी एकाच पंगतीत बसतात. हक्क मिळण्यासाठी नोंदणी लागत नाही. कोड लिहिला गेला की हक्क निर्माण होतो आणि तो सामान्यतः लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणूनच कोणताही परवाना न जोडता इंटरनेटवर टाकलेला कोड सर्वांत धोक्याचा असतो : तो वाचता येतो, पण आपल्या उत्पादनात घालण्याची मुभा कोणी दिलेलीच नसते. ओपन सोर्स परवाना ही ती मुभा आहे. मालक आपला हक्क सोडून देत नाही, तर त्याच हक्काच्या बळावर अटी घालतो. एमआयटी परवान्याची अट जवळजवळ एवढीच, की कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत राहू द्यावा. जीपीएलची अट बरीच जड आहे : या कोडवर आधारलेली प्रत दुसऱ्याच्या हाती दिली, तर त्या संपूर्ण कृतीचा सोर्स कोड त्याच परवान्याखाली त्याला उपलब्ध करून द्यावा लागतो.

अशा अटी केवळ शिष्टाचाराच्या आहेत, असा समज एके काळी होता. अमेरिकेत तो मोडला खेळण्यातल्या रेल्वेने. हौशी मंडळींनी छोट्या आगगाड्या संगणकावरून चालवण्यासाठी लिहिलेला खुला कोड एका व्यावसायिकाने मूळ लेखकांची नावे व सूचना गाळून वापरला, तेव्हा जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात तेथील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, की अशा अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मूळ कोडसाठी पैसे घेतलेले नाहीत, यावरून अटींचे मोल कमी होत नाही. त्याआधी २००४ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल मोडणाऱ्या राउटर विक्रेत्याविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत; पण मालकाने ज्या अटींवर परवानगी दिली त्या अटी सोडून केलेला वापर विनापरवाना ठरतो, हा विचार आपल्या अधिनियमातही तसाच आहे.

आता आपल्या ग्राहकाबद्दल. आपले सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर राहिले असते आणि दुकानदारांनी ते केवळ ब्राउझरमधून वापरले असते, तर जीपीएलनुसार कोड देण्याची जबाबदारी आलीच नसती. (परवाना एजीपीएल, म्हणजे सर्व्हरवरच्या वापराचाही विचार करणारा जीपीएलचा प्रकार असता, तर ही पळवाटही बहुधा बंद झाली असती, तो परवाना मुख्यतः त्यासाठीच आहे.) आपण प्रत दुकानाच्या संगणकावर बसवून दिली आहे, त्यामुळे परवान्याप्रमाणे ती जबाबदारी आली, आणि लायब्ररी आपल्या कोडशी एकजीव झाली असल्यास ती संपूर्ण सॉफ्टवेअरला लागू होते, असे मानूनच चालावे. मात्र कॉपीराइटभंगाचा दावा लावण्याचा अधिकार लायब्ररीच्या मालकाचा आहे, व्यापाऱ्याचा नाही. आणि असा दावा झाला, तर न्यायालयाकडून सामान्यतः वितरणाला मनाई आणि नुकसानभरपाई मागितली जाते.

आपल्यापुढे तीन वाटा आहेत. ज्यांना प्रत दिली त्यांना सोर्स कोड द्यावा. लायब्ररीच्या लेखकाकडून वेगळा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा. किंवा तिच्या जागी एमआयटी वा अपाचे यांसारख्या सैल अटींच्या परवान्याची लायब्ररी बसवावी. तिसरी वाट स्वस्त आहे, पण तिने आधी विकलेल्या प्रतींचा दोष पुसला जात नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या वाटेची आपल्याला जितकी भीती वाटत असेल तितकी बाळगण्याचे कारण नाही, कारण जीपीएल सॉफ्टवेअरची किंमत घेण्यास मनाई करत नाही आणि कोड साऱ्या जगासमोर मांडण्याची सक्तीही करत नाही. ज्याला प्रत दिली, त्याला तो मिळाला पाहिजे, एवढेच. अर्थात त्या ग्राहकाला तो पुढे वाटण्याची मुभा राहते. काहीही निवडा, पण लवकर निवडा : जीपीएलच्या २००७ च्या या तिसऱ्या आवृत्तीत, मालकाकडून पहिलीच सूचना आल्यावर ३० दिवसांत चूक सुधारली, तर गमावलेला परवाना कायमचा परत मिळतो. दुसऱ्या आवृत्तीच्या मजकुरात ही सवलत नव्हती.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका आयटी कंपनीत नोकरी करतो. रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर मी मराठी शुद्धलेखन तपासणारे एक छोटे साधन लिहिले आहे आणि ते एमआयटी परवान्याखाली सर्वांना द्यायचे आहे. सहकारी म्हणतात, ते कंपनीच्या मालकीचे आहे. खरे काय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : अधिनियमाच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. घरची वेळ व स्वतःचा लॅपटॉप हे आपल्या बाजूचे पुरावे आहेत, पण निर्णायक कागद नेमणूकपत्र आहे. नोकरीच्या काळात केलेले सर्व काम कंपनीचे, असे कलम त्यात अनेकदा असते आणि सही करताना ते क्वचितच कोणी वाचते. तसे असेल, तर कोड प्रसिद्ध करण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून लेखी ना-हरकत घ्यावी. तोंडी होकारावर विसंबू नये. जे आपले नाही, त्यावर आपण दिलेला परवाना इतरांच्याही उपयोगाचा राहत नाही, आणि अडचणीत ते विनाकारण सापडतात.

शब्दांची यादी आपण कोठून घेतली, हे आपण लिहिलेले नाही. सुटा शब्द कोणाचाच नसतो, परंतु कोशाची निवड, रचना आणि अर्थ यांवर कॉपीराइट असतो. एखाद्या प्रकाशित कोशातून यादी जशीच्या तशी उतरवली असेल, तर साधनाचा कोड कितीही स्वच्छ असला तरी दोष त्या यादीत राहील.

परवान्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे कॉपीराइटच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे कलम १९ मानते. आणि कलम ३०-ए हीच तरतूद आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावते. एमआयटीच्या आटोपशीर मजकुरात मुदत वा प्रदेश यांचा उल्लेखच नाही. अपाचे २.० मध्ये मात्र परवाना कायमचा व जगभरासाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. पाच वर्षांनंतर कोणी हा वाद काढेलच असे नाही, पण भारतातून कोड प्रसिद्ध करणाऱ्याने नवे काम अपाचेखाली द्यावे, असे मी सुचवेन. श्रम तेवढेच पडतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेत ‘मुक्ता’ हा फाँट वापरायचा आहे. परवानगी घ्यावी लागेल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने तयार केलेला हा फाँट ओपन फाँट परवान्याखाली मिळतो. तो परवाना फाँटच्या फाइलवर आहे. त्यात छापलेल्या मजकुरावर त्याचा काही अधिकार नाही, आणि श्रेयाची ओळ छापण्याचीही सक्ती नाही. मनाई आहे ती नुसता फाँट वेगळा विकण्यास, तसेच त्यात बदल करून नवा फाँट काढल्यास तो दुसऱ्या परवान्याखाली देण्यास. स्मरणिकेत जाहिराती घेतल्या किंवा ती किंमत लावून विकली, तरी यात फरक पडत नाही.