"भावांनो, प्रत्येकी पाच टाका": पोकरसाठी मित्रांकडे पैसे मागताना

"मित्रांकडे पैसे मागायचेत, पण मैत्रीत वितुष्ट नको. कसं विचारू?" हा प्रश्न आमच्याकडे लग्नखर्चापासून धंद्याच्या भांडवलापर्यंत अनेक रूपांत येतो. या वेळी तो पोकरसाठी, म्हणजे पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळासाठी आला. पुण्यात नोकरी करणारा, तिशीतला तरुण. 2025 च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाल्यावर तो गोव्यातल्या कॅसिनोंत स्पर्धा खेळायला जाऊ लागला होता. पुढच्या स्पर्धेचं बाय-इन, म्हणजे प्रवेशाची रक्कम, 50,000 रुपये. निम्मे स्वतःचे, निम्मे पाच मित्रांचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मेसेज तयारच होता: "भावांनो, प्रत्येकी पाच टाका. आलो की डबल करून देतो."

पाच हजार उसने की बक्षिसातला हिस्सा, हे त्यातून कळतच नाही. हरल्यावर मित्र म्हणणार, "माझे पैसे?" आणि हा म्हणणार, "अरे, हरलो ना!" दोघंही आपापल्या जागी खरे. शिवाय "डबल" हे वचन कुठल्याच खेळाडूला देता येत नाही. अशा स्पर्धांत साधारण 10 ते 15 टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं. म्हणजे चांगला खेळणाराही बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परततो.

मेसेज बाजूला ठेवून आधी हिशेब मागितला. "मी प्लसमध्येच आहे, सर," तो म्हणाला. आम्ही बँकेचं स्टेटमेंट उघडायला लावलं आणि वहीत दोन रकाने पाडले. चौदा स्पर्धांत री-एन्ट्रीसह (बाहेर पडल्यावर पुन्हा पैसे भरून घेतलेला प्रवेश) गेले 2,10,000, आले 1,34,000. गोव्याचा प्रवास आणि हॉटेल यात धरलेलंच नव्हतं. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग विचारलं: हरलेले भरून काढायला कधी कर्ज काढलंस का? बायकोला आकडा माहीत आहे का? पहिल्याचं उत्तर नाही होतं, दुसऱ्याचंही नाही. पहिल्याचं हो आलं असतं, तर मित्रांचा विषय तिथेच थांबवून आम्ही जुगाराच्या सवयीवर बोललो असतो. दुसऱ्यासाठी एकच अट घातली: मित्रांच्या आधी ही वही बायकोला दाखवायची.

मग व्यवहाराची मांडणी. 50,000 पैकी 5,000 देणाऱ्याचा हिस्सा 10 टक्के. कसलेले खेळाडू हिस्सा थोडा चढ्या भावानं विकतात, त्याला मार्कअप म्हणतात. हौशी खेळाडूनं तो मागू नये. खरा घोळ होतो कराचा. समजा 4,00,000 चं बक्षीस लागलं. त्यावर 30 टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये कर कापला जातो, आणि विवरणपत्र भरताना त्या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे 4,800. हातात उरतात 2,75,200. दहा टक्क्यांचे होतात 27,520. मित्राच्या डोक्यात मात्र 40,000 असतात. पाचही जणांना 40,000 दिले तर अर्ध्या हिश्शाच्या मालकाकडे 75,200 च उरतील. म्हणून "कर वजा जाऊन" हे शब्द पहिल्याच मेसेजमध्ये हवेत.

दुसरी अडचण री-एन्ट्रीची. खेळाडू लवकर बाहेर पडतो, पुन्हा 50,000 भरतो आणि बक्षिसात येतो. मग पहिल्या पैशांचा हिस्सा यात धरायचा का? आधी ठरलेलं नसेल तर इथे हमखास भांडण होतं. आम्ही लिहून घेतलं: हिस्सा फक्त पहिल्या एन्ट्रीचा, आणि तो स्वतः दुसरी एन्ट्री करणारच नाही. प्रवास, जेवण त्याच्या खिशातून. स्पर्धा रद्द झाली किंवा जाणं हुकलं, तर दोन दिवसांत पैसे परत. हे लिखाण आठवणीसाठी. कोर्टात त्याचा आधार धरू नये, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचे करार रद्दबातल ठरतात.

विचारायचं ते एकेकट्याला. ग्रुपवर एकानं हो म्हटलं की बाकीच्यांना नाही म्हणणं जड जातं, आणि असं ओढूनताणून आलेलं हो पुढे सलत राहतं. ऑफिसातला ज्युनियर, तुमचं देणं असलेला मित्र, घराचे हप्ते कसेबसे फेडणारा मित्र, यांना विचारूच नये. तयार झालेला मेसेज असा:

"गोव्याला 50,000 ची स्पर्धा खेळतोय. 10 टक्के हिस्सा 5,000 ला देतोय. बहुधा हे पैसे जातील, असंच धरून चाल. जिंकलो तर कर वजा जाऊन उरलेल्याचे 10 टक्के तुझे. आतापर्यंतचा हिशेब सोबत आहे, मी तोट्यात आहे. रविवारपर्यंत उत्तर नाही आलं तर नाही समजेन, पुन्हा विचारणार नाही."

"मी तोट्यात आहे" हे वाक्य त्याला काढायचं होतं. आम्ही ठाम नकार दिला. समोरच्याला खरा आकडा न दाखवता घेतलेला पैसा मित्राचा असो की परक्याचा, ती फसवणूकच.

दोघं हो म्हणाले, एकानं नाही कळवलं, दोघांचं उत्तरच आलं नाही. ठरल्याप्रमाणे त्यानं आठवण केली नाही. हिस्से कमी विकले गेले म्हणून स्वतःचे जास्त घालण्याऐवजी त्यानं 20,000 ची लहान स्पर्धा निवडली. दोघांना बदल कळवला, विचारून घेतलं आणि तोच 10 टक्के हिस्सा ठेवून प्रत्येकी 3,000 परत केले. स्पर्धेत तो बक्षिसाआधीच बाहेर पडला. त्याच रात्री दोघांना एक ओळ गेली: "बाहेर पडलो, तुझे 2,000 गेले. हिश्शाबद्दल आभार." कुठला पत्ता कसा उलटा पडला, याची कहाणी त्यानं लिहिली नाही. वहीत पंधरावी ओळ भरली ती बायकोनं.